खोल किती?

विहिरीवर पाणी प्यायला गेले, तरी आमचे पाळकबाबा काठापासून लांब उभे राहून आधी विचारत, "खोल किती?" होडीत पाय टाकताना तेच. एकदा आईनं कालवणाचं पातेलं पुढं ठेवलं, तर त्यातही डोकावून म्हणाले, "बाई, खोल किती?"

स्वतःच्या भीतीची अशी थट्टा करणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बाबा घाटावरचे, नगरकडच्या कोरड्या मुलखातले. म्हणत, "आमच्याकडं प्यायला पाणी नव्हतं, बुडायला कुठलं?"

आणि मिशननं त्यांना पाठवलं ते कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठी. एकोणीसशे विसाच्या दशकातली गोष्ट. नवी मिठागरं पडत होती तशी आमची वस्ती वाढत होती. सगळीकडे पांढरं रण, गवताची काडी दिसायची नाही. मिठाच्या एका रिकाम्या मांडवात बाबांनी प्रार्थनाघर सुरू केलं.

माझा बाप तापानं गेला आणि ऐन हंगामात आई एकटी पडली. बाबा दुसऱ्या दिवशी धोतर खोचून मीठ ओढायला हजर. वाफ्यात पाणी घोट्याएवढं, तरी विचारलंच, "खोल किती?" बाप गेल्यावर आई पहिल्यांदा हसली ती तेव्हा. दुपारी ते मला ओल्या बांधावर काडीनं अक्षरं काढून द्यायचे. आज हे लिहिते आहे, ते त्या चिखलाच्या पाटीवर शिकलेलं.

आता घोळ असा, की आमच्या पंथात डोक्यावर पाणी शिंपडून भागत नाही. शहाण्यासुरत्या माणसानं समजून-उमजून पाण्यात पुरतं बुडायचं, आणि पाळकानं बरोबर उतरून बुडवायचं. आई बाप्तिस्म्याला तयार होती. बाबांचं मात्र कधी वारा जास्त, कधी पाणी गार. वर्ष गेलं. शेवटी मिशनचे साहेब येऊन सांगून गेले, "पावसाळ्यापूर्वी एकही बाप्तिस्मा झाला नाही, तर हे ठिकाण बंद. तुम्ही परत घाटावर."

बाबांनी वहाणाही नीट न घालता धावत जाऊन दवंडी दिली : येत्या रविवारी, सकाळी आठ वाजता, खाडीवर.

रविवारी अमावस्या होती. अमावस्येला सकाळी आठला आमच्या खाडीत खेकडे आणि चिखल, एवढंच असतं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण बाबांना कुणी बोललं नाही, आणि त्याला कारण मी. मोशेनं काठी उचलताच समुद्र दुभंगल्याची गोष्ट नुकतीच बाबांकडून ऐकली होती. मी घरोघर सांगून आले, "बाबा काठी उचलतील नि पानी येल." वस्तीत माझ्याइतकी शहाणी मीच, असं माझं ठाम मत होतं. मोठी माणसंही म्हणाली, "पाळक हाय, त्याला काय तरी म्हाईत असल."

आठ वाजता धुतलेले कपडे घालून सगळी मंडळी चिखलासमोर उभी. मी सर्वांत पुढं, काठी कधी उचलतात ते बघत.

बाबांनी चिखलाकडे बघून आईला हळूच विचारलं, "पाणी कुठं गेलं?"

"ओहोटी हाय, बाबा. दुपारला येल."

"मग मला सांगितलं का नाही कुणी?"

"तुमी बोलावनार हाव, असा पोरगी बोलली."

बाबा मटकन बांधावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. कुणी घरी गेलं नाही. भाकऱ्या आल्या, सुकट आली, थळ गावचा कुणी पाहुणा होता त्यानं गाणं म्हटलं. हसत-खात दुपार झाली आणि खाडी भरत आली. बाबांचं हसू मात्र तसतसं ओसरलं.

आई पाण्यात उतरली. बाबा काठावरच.

"खोल किती?" ह्या वेळी थट्टा नव्हती.

आईनं वळून हात पुढं केला. "छातीएवरा हाय. मी हाय ना."

बाबा उतरले. आईला बुडवताना एका हातानं तिचा पदर घट्ट धरून होते. दोघं वर आली तेव्हा कुणी कुणाला वर काढलं, यावर वस्तीत पुढं कितीतरी वर्षं वाद झाला. प्रार्थनाघर राहिलं. बाबाही राहिले.

त्यानंतर आमची उपासना घड्याळावर कधी झाली नाही. बाबा आदल्या दिवशी गणपतीच्या देवळात जाऊन गुरवाला विचारत, "उद्या तिथी कोणती?" तिथीवरून भरतीची वेळ कळे, आणि तीवरून उपासनेची ठरे. मांडवाच्या जागी दगडी भिंती आल्या, पुढं रस्ता आला, दुकानं आली, तरी ही रीत मोडली नाही.

पुढच्या दशकात एका उन्हाळ्यात बाबा गेले. "मला कोरड्या जागी ठेवा," एवढंच मागणं होतं. खाडीकाठी हातभर खणलं तरी खारं पाणी लागतं, म्हणून माणसांनी टेकडीच्या पायथ्याशी, लाल मुरुमात जागा खणली. पेटी दोरांनी खाली सोडली.

आई कडेला वाकली आणि कुणीतरी विचारल्यासारखं उत्तर दिलं, "छातीएवरा हाय, बाबा. कोरडा हाय."