गौडाच्या अव्वाचा तुटका कान

माझी बायको चाकाला हात लावायची न्हाई. आमच्यात बायांनी चाक फिरवायचं नसतं. मडकी माझी, आणि नुसत्या हातानं करायचं ते सगळं तिचं: पोळ्याचे बैल, नागोबा, चुली. माझं मडकं एकासारखं एक निघायचं. तिचा एक बैल दुसऱ्यासारखा कधी झाला न्हाई, आणि वर तीच मला नावं ठेवायची. "चाक काय, शिकवलं तर गाढव बी फिरवंल." आता असं टाकून बोलणारं घरात कुणी उरलं न्हाई. घर गप झालंय, म्हणून लिहायलोय. शाळा माझी दोन बुकांची. चुकलं तर चुकलं.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या गावच्या गौडाची आई वारली. गौड म्हणजे गावचा मालकच. तळं त्याचं, तळ्यातली माती त्याची, म्हणून आमची चूलही त्याच्याच मर्जीवर पेटायची. ते लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. म्हातारीला शेतात पुरलं, वर ओटा बांधला, आणि गौडानं हट्ट धरला की ओट्यावर अव्वाचं, म्हणजे आईचं, तोंड पाहिजे, भाजक्या मातीचं. त्यांच्या स्वामींनी सांगितलं, असलं काही लागत न्हाई. गौड म्हणाला, "तुमाला लागत न्हाई, मला लागतंय."

काम बायकोकडं आलं. आता पंचाईत अशी की तिनं म्हातारीचं तोंड धड बघितलंच नव्हतं. जिती होती तेव्हा हनुवटीपर्यंत पदर, मेली तेव्हा कपाळापासून गळ्यापर्यंत फुलं आणि विभूती. दिसलं ते नाकाचं टोक.

बायको विचारायला वाड्यावर गेली. गौड म्हणाला, "अव्वाचं तोंड म्हणजे देवीचं."

गौडाची बायको दाराआडून म्हणाली, "कारल्याचं."

म्हातारीची लेक म्हणाली, "डावा डोळा बारीक व्हता." धाकटी सून म्हणाली, उजवा.

बायको घरी येऊन मला म्हणाली, "म्हातारी एक मेली, पण सांगायलेत चार. कुणाची करू?"

"कुणाची बी कर. माती काय बोलायलीय?"

तिनं केली. चार दिवस मला बघू दिली न्हाई. मडकी भाजायचा आवा थंड झाल्यावर मी राख झटकली, तर आतून माझी आई माझ्याकडं बघायली होती. तीच एक वर चढलेली भुवई. तेच दाबलेले ओठ, जसं काही मी आताच मडकं फोडलंय. आणि डाव्या कानाची पाळी तुटलेली! आईचा कान तरणेपणी जड बुगडीनं फाटला होता, सगळ्या गावाला ठावं.

"अगं, ही तर आपली म्हातारी!"

बायकोनं बघितलं आणि तुटक्या पाळीवरून बोट फिरवलं. "मी मुद्दाम न्हाई केलं. तेरा वर्षं ह्याच तोंडासमोर बसून भाकऱ्या थापायलेय. हाताला दुसरं तोंड येतंय कुठलं?"

दुसरं करायला सवड नव्हती. गौडाची बैलगाडी दारात उभी होती. गड्यांनी तोंड कडब्यात ठेवलं आणि नेलं. गौडानं ते लई वेळ बघितलं म्हणं, आणि ओट्यावर बसवलं.

माझी आई तेव्हा चिटगुप्प्याला, माझ्या बहिणीच्या बाळंतपणाला गेलेली. महिन्यानं परत आली. वेशीत पाय ठेवला न ठेवला, तर तेलीण म्हणाली, "आलीस व्हय? तुला तर गौडाच्या शेतात पुरून बसलेत. रोज केळी-नारळ खायलीस."

गौड सोडून सगळ्या गावाला कळलं होतं. आई शेताकडून वाकडी वाट करून, बघून, मग घरी आली. दारातूनच सुरू.

"जित्या माणसाचं थडगं केलीस गं? मरायची वाट बघवंना व्हय तुला?"

"आत्याबाई, हातून झालं..."

"हातून झालं न्हवं? मग त्या हातची भाकरी मला नको. उद्या जातो आणि ते टकुरं फोडतो."

आई चिडली की बाप्यासारखी बोलायची. मी म्हणलो, "फोडलीस तर गौड इचारंल कामून फोडलं. आपल्या आईच्या जागी कुंभारणीच्या पाया पडायलोय हे कळलं तर तळ्याची माती बंद. मग खायाचं काय?"

"तुझं चाक खा."

ती उपाशी झोपली. बायकोनं आपलं गाठोडं बांधून ठेवलं. माती बंद झाली तर दोष तिचा, हे तिनंच ठरवून टाकलेलं.

उजाडता आई मडकी बडवायची थापी घेऊन निघाली. मी मागं. समजूत घालायची हिंमत न्हाई, पण चाल मात्र मोठी हिमतीची.

गौड ओट्यापाशीच बसला होता. पागोटं मांडीवर, डोळे लाल. त्यानं आईकडं नीट बघितलंही न्हाई. ओट्याकडं बघत बोलायला लागला.

"तुझ्या सुनंचे लई उपकार झाले म्हातारे. अव्वाचा कान तुटका व्हता हे मला ठावंच नव्हतं. एका घरात जन्म गेला, मी कधी बघितलाच न्हाई. कुंभारणीनं बघितला. शेवटी शेवटी तर चार महिने मी तिच्याशी बोललो बी न्हाई." मग तोंडाकडं वळून म्हणाला, "अव्वा, राग सोड."

आईच्या हातातली थापी हळूच लुगड्याच्या घोळात गेली.

"सोडला रे बाबा," ती म्हणाली. "ऊठ. घरला जा, जेव."

गौडानं दचकून मान वळवली. एकदा आईकडं बघितलं, एकदा ओट्याकडं. आईनं पदर डाव्या कानावरून ओढला, पार हनुवटीपर्यंत.

"तुझं तोंड बी जरा तसंच दिसायलंय की," गौड म्हणाला.

"म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच असतात, गौडा."

घरी येऊन आई चुलीपुढं बसली. गाठोड्याकडं बघून म्हणाली, "हे कुठं जायलंय? सोड ते. भाकरी वाढ." पहिला घास गिळून म्हणाली, "कपाळ बरं केलीस. नाक फेंदारलंय."

पुढं आई गेली. बायकोनं इचारलं, म्हातारीचं तोंड करू का? मग तीच म्हणाली, कशाला, हाय की. गौडाच्या शेतात जाऊन फुलं ठेवून आली. गौडाला वाटलं, त्याच्याच आईला वाहिली. त्यानं तिला गूळ दिला.

आता बायको बी गेली. तिचं कुणी करायचं? मी बैल करायला बसलो तरी शेळी होते. गौडाच्या शेतात मी अजून जातो. समोरून बघत न्हाई, आईचं तोंड मला पाठ आहे. मागं जाऊन मानेच्या पोकळीत हात घालतो. माती आतून दाबताना बायकोच्या अंगठ्याचा खळगा पडलाय तिथं. बारका आहे. माझा अंगठा त्यात मावत न्हाई.