गूळ न खाता दिलेला श्वास

डॉक्टरांनी सीटी स्कॅन उजेडाच्या काचेवर लावला आणि विचारलं, "काम काय करता?"

फौंड्रीत फेटलिंग, मी सांगितलं. ओतून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढायची. एकोणीस वर्षं.

"मग हा सिलिकोसिस आहे." वाळूची बारीक धूळ फुप्फुसात रुतते, तिथे व्रण धरतात. ते भरून येत नाहीत. धूळ थांबली तर आजाराची वाढ मंदावू शकते. "ग्राइंडर सोडा. आजपासून."

खोकला दोन वर्षांचा होता. कोडोलीच्या घराचा जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा बायको सुनीताने मला कोल्हापूरला आणलं.

ग्राइंडर सोडायची माझी तयारी नव्हती. दुसरं काम येत नव्हतं. त्याच रुग्णालयात एक अभ्यास सुरू होता. पिशवीत फुंकायचं; श्वासातल्या बायोमार्करवरून, म्हणजे आजाराच्या सूक्ष्म खुणांवरून, धुळीचा आजार लवकर ओळखता येतो का, हे ते पाहत होते. मी नाव दिलं. श्वास चांगला निघाला तर स्कॅन खोटा ठरेल, असं मी धरून चाललो होतो.

रात्रीपासून उपाशी यायला सांगितलं होतं. मी सकाळी गुळाचा खडा खाऊन गेलो. आमच्या शेडमध्ये पाळी सुटली की प्रत्येकाला गूळ मिळतो. त्याने धूळ उतरते, ही सगळ्यांची खात्री. मास्क खिळ्याला टांगलेले. शेजारच्या ग्राइंडरवरचा बापू नव्या माणसाला म्हणायचा, "पावणं, तोंड बांधून कुठं दरोडा घालायचाय? गूळ खावा की."

नमुना घेणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं, काही खाल्लंय का. मी खरं सांगितलं. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली.

"गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात. वाटा वेगळ्या आहेत. आणि या तपासणीवर अजून कुणाचं निदान ठरत नाही. तुमचं ठरलंय."

बाहेर बाकावर सुनीता म्हणाली, "एकोणीस वरसं खाल्लासा की गूळ. मग फोटूत काय दिसतंय?"

मी दुसऱ्या दिवशी फौंड्रीच्या स्टोअरमध्ये, सामानाच्या कोठीत, बदली मागितली. मिळेपर्यंत तीन आठवडे घरी बसलो, शेडमध्ये गेलो नाही. या आजारात क्षयाचा धोका वाढतो, म्हणून थुंकीही तपासून घेतली. क्षय नव्हता. मग उपाशी पोटी जाऊन श्वास दिला. त्याचा उपयोग मला होणार नाही, पुढच्या कुणाला होईल. मला गुळासह परत पाठवणाऱ्या त्या बाईंचा मी ऋणी आहे.

स्टोअरमध्ये रुजू झालो त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत स्कॅन सगळ्यांना दाखवला.

"तुला झालं म्हणून आमालाबी व्हतंय व्हय?" बापू म्हणाला.

"किती दिस खोकतोयस?" मी विचारलं.

तो डबा झाकत राहिला.

सोमवारी छातीच्या एक्स-रेच्या रांगेत आमच्या शेडचे चौघे होते. बापू शेवटी, मी त्याच्या सोबतीला.

"काय न्हाय निघालं तर?" त्याने विचारलं.

"तर उद्यापास्नं मास्क लाव."

"आणि निघालं तर?"

"स्टोअरात माझ्याशेजारी एक स्टूल रिकामं हाय. मी मालकास्नी सांगून ठेवलंय."

 नाव पुकारल्यावर बापू शर्टाची बटणं सोडत आत गेला.