‘काय राह्यलं?’ विचारणारे आमचे साडू

आमच्या साडूंइतका निराश माणूस पुणे जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, आणि आपली निराशा इतकी नीटनेटकी लावून ठेवणारा तर नाहीच नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. इंदापूरच्या एका कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवत. मी बारामतीच्या शाळेत मराठी शिकवायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणत. नव्वदच्या दशकातल्या त्या सुरुवातीच्या वर्षांत कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला काढून जात आणि यंत्रावर देवघरासारखा कपडा टाकलेला असे. त्या खोलीत भारनियमनाच्या वेळा सांभाळत साडू बसायचे. उंच, किंचित वाकलेले, आणि चेहरा कायम असा की आत्ताच कुठूनतरी वाईट बातमी आली आहे आणि ती सांगावी की नको याचा विचार चाललाय.

‘काय राह्यलं?’ हा त्यांचा प्रश्न. जेवण झालं, निरोप झाला, लग्नाच्या पत्रिका वाटून झाल्या, की साडू एक बोट वर करून विचारत, “समदं झालं. काय राह्यलं?” अक्कांना घेऊन ते बारामतीला यायला निघाले की आधी फाट्यावर उभं राहून एसटीचा विचार होई. गाडी आली आणि थांबली तर बसायचं. आली आणि थांबली नाही तर दुसरीची वाट बघायची. आलीच नाही तर जीप. “आणि थांबली, पण कंडक्टरनं फक्त तुमालाच घेतलं तर?” असं त्यांनी एकदा अक्कांना विचारलं, तेव्हा अक्का म्हणाल्या, “तर मी सुखानं जाईन.” डॉक्टरांनी सांगितलं, ताप असेल तर ही गोळी घ्या, नसेल तर ही. साडू खुर्चीवरून उठले नाहीत. “आणि थर्मामीटर फुटला तर?” डॉक्टरांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

जे राहून गेलं त्याचा त्यांना जेवढा घोर, तेवढाच जे फुकट लिहिलं त्याचा राग. त्यांच्या प्राचार्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘कोणीही चपला घालून आत येऊ नये.’ खाली आणखी एक ओळ होती, ‘विद्यार्थ्यांनीही येऊ नये.’ साडूंनी ओल्या हाताने खालची ओळ पुसून टाकली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, तर म्हणाले, “सर, वरच्या ओळीत समदे आले. खालच्या ओळीला कुणी उरतंच न्हाय.” प्राचार्यांनी ती ओळ दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिली, जरा मोठ्या अक्षरात.

हे सगळं आलं होतं त्यांच्या अभ्यासातून. पुण्याला ते पीएचडीसाठी नाव नोंदवून होते, आणि विषय असा होता की घरात तो कुणी विचारत नसे. मी एकदा विचारला. आम्ही काटेवाडीला तात्यांच्या गोठ्यात उभे होतो. तात्या म्हणजे आमच्या दोघांच्या बायकांचे थोरले भाऊ, ऊस आणि दूधवाले. साडूंनी समोरच्या किटल्यांकडे बोट केलं. “मास्तर, दुधाचा भाव काढायचा प्रोग्राम लिहायचाय असं धरा. दूध गाईचं नायतर म्हशीचं. वेळ सकाळची नायतर संध्याकाळची. मी एक ओळ लिहिली, गाय आणि सकाळ, तर हा भाव. दुसरी लिहिली, म्हैस, वेळ कुठलीबी, तर तो भाव. आता काय राह्यलं?”

मी विचार करून म्हणालो, “गाईचं संध्याकाळचं.”

“बरोबर. ते दूध आलं की प्रोग्राम बंद पडणार. आता तिसरी ओळ लिहिली, म्हैस आणि संध्याकाळ. तिला काय मिळतं?”

“काही नाही. म्हशी सगळ्या दुसऱ्या ओळीनंच नेल्या.”

त्यांचा चेहरा उजळला. मी तो क्वचितच उजळलेला पाहिला आहे. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारा जो कंपायलर, त्यानेच हे दोन्ही आधी सांगितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला सगळ्या शक्यता समोर मांडायच्या. एकेक ओळ घ्यायची आणि ती जेवढं उचलते तेवढं वजा करायचं. शेवटी काही उरलं, तर त्यातलं एक उदाहरण लिहिणाऱ्याच्या हातात द्यायचं, की बाबा, हे तू धरलंच नाहीस. आणि एखाद्या ओळीने काहीच उचललं नाही, तर ती ओळ वाया. दोन गोष्टींचं हे सोपं, पण एकात एक गुंतलेल्या पंचवीस गोष्टी असल्या की उरलेल्याचा पसारा इतका वाढतो की यंत्राची छाती फुटते. ती न फुटता उत्तर कसं काढायचं, यावर साडू कितीतरी वर्षं झुरत होते. इंदापुरात त्या विषयाचं एक मासिक येत नव्हतं, की त्यावर बोलायला एक माणूस नव्हता. तात्या धार काढता काढता सगळं ऐकत होते. म्हणाले, “पाव्हणं, आमच्याकडं गाईचं संध्याकाळचं दूध रोज येतंय. तुमच्या यंत्राला कुणी सांगावं?”

शेवटी त्यांचं काम झालं, आणि ते पुण्याला मांडायचं ठरलं. सोबतीला मला नेलं. छोट्या खोलीत सहा-सात माणसं होती. साडू खडूने फळा भरत गेले, बोलता बोलता ताठ होत गेले, आणि मला त्यातलं फार कळत नसतानाही माझा ऊर भरून येत होता. मांडून झाल्यावर एक म्हातारे प्राध्यापक उठले आणि फार मायेने म्हणाले, “तुमचं सगळं बरोबर आहे. पण हे झालेलं आहे. बाहेर, काही वर्षांपूर्वी. तुम्हाला कळायला मार्गच नव्हता.”

साडू खडू हातात धरून उभे होते. त्यांनी विचारलं, “त्यांची सिद्धता वेगळी आहे का सर?”

“थोडी आखूड आहे,” प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घातली.

परतीच्या एसटीत साडू खिडकीशी बसले. भिगवण आलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मास्तर, माझी ओळ चुकलेली न्हाय. पण वरच्या ओळींनी आधीच समदं नेलंय. माझ्यापर्यंत काय येतच न्हाय.” मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

त्यानंतर ते विचारायचे थांबले. अक्का एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, “घरातनं निघताना कडी लावली का तेबी विचारत न्हाईत. मी मुद्दाम उघडी ठिवली, तर तसेच चालायला लागले.” लग्नकार्यात लोकांना आधी हायसं वाटलं. नंतर कुणीतरी साडूंच्या आवाजात “काय राह्यलं?” म्हणून पाहिलं, पण कुणाला हसू आलं नाही.

अशात तात्यांच्या मुलीचं, शैलाचं लग्न ठरत आलं. काटेवाडीला बैठक बसली. मुलाकडचे वडगाव निंबाळकरहून आले होते, माणसं सालस, मुलगा सोमेश्वरनगरच्या कारखान्यात नोकरीला. ओसरीवर सतरंज्या टाकल्या होत्या. तात्यांनी सगळं बारकाईने बोलून घेतलं. पाऊस आला तर पंगत शाळेच्या वर्गांत. वीज गेली तर जनरेटर. जनरेटर बिघडला तर गॅसबत्त्या. आचारी आजारी पडला तर दुसरा सांगून ठेवलेला. मुलाकडच्यांनी कौतुकाने माना हलवल्या. साडू भिंतीला टेकून, गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसले होते. तात्यांना त्यांची दया आली असावी. ते मोठ्याने म्हणाले, “पाव्हणं, तुमच्या पद्धतीनं बघा बरं एकदा. काय राह्यलं का?”

साडूंनी सतरंजीवरची नजर वर केली. मग म्हणाले, “एक राह्यलंय.”

“काय?”

“पोरगी न्हाय म्हणाली तर?”

तात्या हसून म्हणाले, “ती कशाला न्हाय म्हणंल?”

“म्हणंल असं मी म्हणत न्हाय. विचारलंय का, एवढंच.”

मुलाचे चुलते समजूतदार होते. विषय मिटावा म्हणून त्यांनीच शैलाला बाहेर बोलवायला सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. चुलते म्हणाले, “पोरी, तुला पसंत हाय न्हवं? मोकळेपणानं बोल.” शैलाने आधी साडूंकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि अगदी हळू म्हणाली, “न्हाय.”

कुणी आवाज चढवला नाही. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला, नमस्कार केले आणि ते जीपकडे गेले. तात्या त्यांना फाट्यापर्यंत पोचवून आले, सरळ गोठ्यात शिरले आणि भर दुपारी जनावरांपुढे वैरण टाकत राहिले. गव्हाणी भरून वाहायला लागल्या तरी त्यांचे हात थांबले नाहीत.

त्या दिवसापासून तात्या साडूंशी बोलले नाहीत. अक्कांचं काटेवाडीला जाणं बंद झालं. पंचमीला कुणी न्यायला आलं नाही, दिवाळीला नाही. अक्का भांडल्या नाहीत, पण एकदा माझ्यासमोर साडूंना म्हणाल्या, “विचारायचंच होतं तर मला आदी सांगायचं. मी स्वैपाकघरात हळूच विचारलं असतं. मग कुणाची मान खाली गेली नसती.”

साडूंनी ताट बाजूला सरकवलं. “ते मला सुचलंच न्हाय,” ते म्हणाले. इतका मोठा पसारा वजा करत बसणारा माणूस, आणि स्वैपाकघर त्याच्या हिशेबातच आलं नव्हतं.

मी त्यांना विचारलं होतं, शैलाला ते स्थळ नको आहे हे तुम्हाला कळलं होतं का. ते म्हणाले, “न्हाय ओ. कंपायलर फक्त सांगतो, हितं जागा रिकामी हाय. तितं काय लिहायचं ते त्यालाबी ठाऊक नसतं.” आणि ते खरंच होतं. शैला फार्मसीचा डिप्लोमा करून बारामतीत एका औषधाच्या दुकानात लागली. सकाळी सायकलवर जाते, संध्याकाळी परत येते, लग्नाचं नाव काढत नाही. त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं, आणि त्याचं घरही चांगलं चाललं आहे. शैलाची आई हे प्रत्येकाला सांगते. कुठलं बरं झालं असतं, हे आजही कुणी सांगू शकत नाही.

दशक सरत आलं तेव्हा साडूंची किडनी बिघडली. बारामतीच्या दवाखान्यात ते महिनाभर होते. शैला दुकान सुटलं की यायची, आणि साडूंच्या पायाशी बसून त्यांच्या गोळ्या वेळेप्रमाणे वेगवेगळ्या पुड्यांत बांधायची. एका दुपारी मी बाहेर आलो, तर व्हरांड्यातल्या बाकावर तात्या बसलेले. टोपी मांडीवर. मी म्हणालो, “तात्या, आत चला. जागे आहेत.” ते म्हणाले, “बसतो जरा.” तास-दीड तास ते तसेच बसले. मग उठले, टोपी घातली आणि गेले. मी साडूंना सांगितलं. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, “चहा दिला का त्यांना?”

दोन दिवसांनी साडू गेले.

तेरावा झाला, माणसं पांगली. इंदापूरच्या त्या दोन खोल्यांत अक्का भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. तात्या दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून, लहानपणी मारत असतील तशी त्यांनी हाक मारली, “सुमे, चल घरी.” अक्का उठल्या. पिशवी शैलाने भरली. जीपमध्ये तात्यांनी बहिणीला पुढे, आपल्या शेजारी बसवलं, आणि वाटेत ऊन लागू नये म्हणून तिच्या बाजूला टॉवेल लावून दिला.

किल्ली माझ्याकडे देऊन ते गेले. घर बंद करायला मी मागच्या दारी गेलो, तर दोरीवर साडूंचा एक सदरा वाळत राहिलेला होता. कुणी धुतला, कधी घातला, कोण जाणे. कडकडीत वाळला होता. मी तो काढला, घडी करून कॉटवर ठेवला, आणि थोडा वेळ त्याच्याशेजारी बसून राहिलो.