मायच्या जबड्यातले दोन स्क्रू

माझी माय आता जेवताना तोंडापुढे पदर धरत नाही. हे एवढं वाक्य लिहिता यावं म्हणून मी कित्येक महिने जीव मुठीत धरून होतो, आणि त्या भीतीला कारण दुसरं कुणी नव्हतं, मीच होतो.

मी ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरी करतो. माय मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावी एकटीच राहते. तिचे खालचे दात एकामागून एक गेले. कवळी करून दिली, पण हिरडी झिजून सपाट झालेली, त्यामुळे ती टिकेचना. बोलताना वर उचलायची, भाताचं शीत खाली शिरलं की टोचायची. माय ती काढून कमरेला खोचून ठेवायची. हळूहळू तिनं पंगतीत बसणं सोडलं. गावात लग्न असलं की ती सकाळपासून भाजी चिरायला हजर असे, आणि पत्रावळी मांडल्या की गुपचूप घरी. घरी वरणात भात कालवून, बोटांनी कुस्करून गिळायची. जिच्या थट्टेला वराकडचे लोक वचकून असत, ती बाई तोंडावर पदर घेऊन बोलू लागली होती.

चंद्रपूरच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी उपाय सांगितला. खालच्या जबड्याच्या हाडात पुढच्या बाजूला दोन छोटे स्क्रू बसवायचे. त्याला इम्प्लांट म्हणतात. काही महिन्यांत हाड त्यांना घट्ट धरून घेतं. मग कवळी त्यांच्यावर बटणासारखी बसते आणि हलत नाही.

"आणि हाडानं धरलं नाही तर?" मी विचारलं.

"तर काढायचे, हाड भरू द्यायचं आणि पुन्हा बसवायचे."

माय खुर्चीत आडवी होती, तिथूनच बोलली, "दुसऱ्या खेपेले मी नाई येत, बाबू. एकदा होते तं होते." मग डॉक्टरबाईंकडे वळली. "अन मी मेल्यावर हे लोखंड कोन काढन? सरणावर नेताना अंगावरचं सारं उतरवतेत आमच्यात."

"हे कुणी काढत नाही, आजी. एकदा धरलं की ते तुमचंच."

"अजून कुठी धरलं? धरन तवा मानीन."

डॉक्टरबाईंनी विचारलं, तंबाखू, खर्रा, बिडी, काही आहे का? तंबाखूनं जखम भरत नाही, हाड स्क्रूला धरत नाही, म्हणून खरं सांगा. माय दुखावल्यासारखी म्हणाली, "तंबाखू तं मी हातातबी नाई घेत, बाई." मीही मान हलवली. त्या मान हलवण्यात मला थोडा अभिमानच होता. आमच्या पाळीतली निम्मी माणसं दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत असतात, आणि त्यांना उपदेश करणारा मी एकटा.

स्क्रू बसले. टाके पडले. डॉक्टरबाईंनी मऊ ब्रश दिला आणि बजावलं, जागा स्वच्छ ठेवायची.

माय गावी परतली. काही आठवड्यांनी मी सामान घेऊन गेलो. चहापत्ती, खोबरेल तेल, गोळ्या, आणखी एक मऊ ब्रश. सकाळी अंगणात आलो तर माय हातपंपाजवळच्या दगडावर शेजारणींच्या घोळक्यात बसलेली. सगळ्यांची बोटं तोंडात. मायचं बोट काळं झालेलं आणि ती खालच्या हिरडीवर, टाक्यांच्या जागेवरच, जोर लावून घासत होती.

"माय, हे काय करून राह्यली?"

"तोंड धुतो, अजून काय. डॉक्टरीन बाईनंच सांगतलं ना, साफ ठेव म्हनून. मी तं आता दोन डाव घासतो."

तिच्या शेजारी गुडाखूची डबी उघडी होती. तंबाखू आणि गुळाचा तो काळा लगदा आमच्याकडच्या बायका लहानपणापासून मंजन म्हणून दाताला लावतात; त्यानं सकाळी पोटही साफ होतं, असं म्हणतात. तंबाखू खाणं वेगळं आणि तोंड धुणं वेगळं. माय खोटं बोलली नव्हती. तिला खरंच वाटत होतं की ती तंबाखूला शिवत नाही.

मला काय वाटत होतं, ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही. कारण ती डबी मीच आणलेली होती. नोकरीला लागल्यापासून दर फेरीला मी ती आणत आलो. आदल्या संध्याकाळी एकाच पिशवीतून मी मऊ ब्रश काढला होता आणि गुडाखूची डबीही काढली होती, आणि माझा हात कुठेही अडखळला नव्हता. डबीवर तंबाखूचा इशारा छापलेला असतो. मी तो कितीतरी वेळा पाहिला असेल. वाचला एकदाही नाही.

गावात फोन कधी लागतो, कधी नाही, म्हणून रस्त्याकडेच्या बांधावर चढून मी डॉक्टरबाईंना फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं, आता रागावतील. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"आजपासून बंद. पूर्ण बंद," त्या म्हणाल्या. "धरलंय की नाही ते आज कळणार नाही. वाट पाहू."

मायला समजावून सांगितलं तेव्हा तिनं डबी उचलून हातात घेतली. मग म्हणाली, "मंग तुह्या बाईले हेबी इचार, सकाळी पोट साफ व्हाले काय लावू?"

शेजारणी खदखदून हसल्या. एक म्हणाली, "आता साहेबाची माय बरश करन अन आपन पाहत राहू."

"पाह ना," माय म्हणाली. "पाहाले पैसे नाई लागत." आणि डबीचं झाकण लावून तिनं ती माझ्या हातात दिली.

त्यानंतरची वाट पाहणं मला जड गेलं. माय गावात, मी इथे. तिनं सोडलं की नाही हे विचारायला मी फोन करायचो आणि भलतंच काही विचारून ठेवायचो. विचारायचा हक्क मला नव्हता असं वाटायचं. पाळीवर कुणी खर्ऱ्याची पुडी उघडली तरी मी आता गप्प बसायचो. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडाकडे पाहणारा मी, माझ्या पिशवीत काय आहे ते मला दिसलं नव्हतं. स्क्रू सैल निघाला तर माय पुन्हा त्या खुर्चीत बसणार नव्हती, आणि पंगतीतली तिची जागा माझ्यामुळे कायमची जाणार होती.

ठरल्या दिवशी तिला घेऊन गेलो. डॉक्टरबाईंनी हिरडी बधिर करून थोडी उघडली आणि आरशाच्या दांडीनं स्क्रूवर हलकेच ठोकलं. खणकन आवाज आला. दुसऱ्यावर ठोकलं, तसाच आवाज. मग त्यांनी एका हत्यारानं दोन्ही फिरवून पाहिले. हलले नाहीत.

"पक्के आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही."

मी बाहेर जाऊन जिन्यावर बसलो. थोड्या वेळानं माय तोंडात कापसाचा बोळा धरून बाहेर आली, माझ्याजवळ बसली आणि कापूस बाजूला सारत म्हणाली, "तू काऊन रडून राह्यला? सुई तं मले टोचली."

"माय, डबी मीच आणत होतो."

"मंग? मीच सांगत होतो ना आणाले." आणि तिनं पुन्हा कापूस दाबला. तिच्या लेखी विषय संपला होता.

कवळी बसली तेव्हा टक् असा आवाज झाला. सुरुवातीला मऊच खायचं होतं, ते तिनं नाराजीनं का होईना पाळलं.

मागच्या महिन्यात गावात लग्न होतं. मी गेलो तेव्हा पंगत बसली होती आणि माय मधोमध, पदर खांद्यावर. व्याह्यांकडच्या कुणाला तरी ती जोरजोरात काहीतरी सुनावत होती आणि आजूबाजूचे हसत होते. मी तिच्या समोरच्या रांगेत बसलो. तिनं वडा मोडला, तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावू लागली. माझा घास हातातच राहिला.

तिच्या लक्षात आलं.

"माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यला?" ती म्हणाली. "जेव ना गुमान."

मी जेवलो.