वडनेरच्या शिवारात पडलेलं यान

भर दुपारी, जत्रेएवढ्या गर्दीदेखत, एका फौजदाराला मिरचीच्या वावरात पोटावर झोपवणारा शाळामास्तर तुम्ही कधी पाहिलाय का? नाही ना? मग नीट पाहून घ्या, तुमच्यासमोरच बसलाय. आणि तो कप आधी खाली ठेवा, नाहीतर सांडेल.

तेव्हा मी अमडापूरच्या शाळेत चित्रकला आणि विज्ञान शिकवायचो. नवं राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. माणूस अंतराळात जाऊन परत आल्याच्या बातम्या ताज्या होत्या. मासिकांतून परग्रहांच्या गोष्टी यायच्या, आणि मी त्या अधाशासारखा वाचायचो. आता, गोष्ट वाचून झाली की शहाणा माणूस मासिक मिटून झोपी जातो. मला मात्र ते यान हातात धरून पाहायचं होतं! मिळणार कुठे? मग काय, बनवायला घेतलं.

घरातल्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, दोन ताटल्या तोंडाला तोंड लावून जोडल्या, त्याचा झाला यानाचा घेर. वर तुपाच्या पत्र्याच्या डब्याचा तुकडा वाकवून घुमट केला. खिडकीला बॅटरीची काच लावली. तीन पाय छत्रीच्या काड्यांचे. खालून आग सोडायला स्टोव्हचा जुना बर्नर. जिथे माझ्या हाताला जमेना तिथे कल्हईवाल्याने डाग देऊन दिला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शिडी. आगपेटीच्या काड्या तासून इवल्याशा पायऱ्या केल्या आणि नखाएवढं दार रंगवलं. का? अहो, शिडी दिसली की डोळा आपोआप तिच्यावर माणूस चढवतो, आणि शिडी माणसाची असेल तर यान घराएवढं होतं. साधा हिशेब आहे.

पण यान दिसायला कसं होतं सांगू? लग्नात रुखवतावर मांडतात तसं. लखलखीत! इतक्या लांबून, तारे ओलांडून आलेलं यान असं असेल का? त्याला प्रवास लागायला हवा, उन्हं लागायला हवीत. म्हणून मी ते म्हातारं करायला घेतलं. पत्रा पॉलिशपेपरने घासला, मिठाचं पाणी शिंपडून परसात ठेवला. सुरेख गंज धरला. जिथे गंज धरेना तिथे गेरू चोळला. कंदिलाची काजळी बोटाने खालच्या अंगाला ओढली, काळ्या मातीचा चिखल पातळ करून फटींत सोडला. ते यान एकेक दिवस जुनं होत चाललं होतं आणि मी आनंदाने वेडा होत चाललो होतो.

एक दिवस शाळेतून आलो तर यान ओट्यावर पालथं, आरशासारखं चमकतंय. माझी बायको, सुमन, पदराला हात पुसत कौतुकाने उभी. किती कळकट झालं होतं म्हणाली, राखेने घासायला दुपार गेली म्हणाली. ताटल्या तिच्याच होत्या. मी गुपचूप पुन्हा मीठ कालवायला बसलो. या घासाघाशीत शिडीची एक पायरी मात्र तुटली होती. असू दे म्हटलं, उतरताना तुटली असेल.

मग फोटो. मेव्हण्याचा बॉक्स कॅमेरा होता, पण त्याला जवळचं धड दिसेना. हेडमास्तरांचा वाचायचा जुना चष्मा मागून आणला आणि त्याची एक काच भिंगापुढे बसवली. माझा मित्र निवृत्ती, त्याचं वावर गावाला लागूनच. ज्वारी निघून नांगरट झालेली. त्या काळ्या ढेकळांत यान ठेवलं, एक डोळा मिटला, गाल मातीला टेकवला आणि पाहिलं. काय सांगू! ढेकळांचे डोंगर झाले होते, धसकटांचं जळालेलं रान झालं होतं, आणि मध्ये माझं यान एका अंगाला कललेलं, उतरत्या उन्हात, राक्षसासारखं. निवृत्तीने कडेने राखेची पुरचुंडी झटकली तर पडल्यानंतरचा धूरही आला. मी ओरडत, लोळत अख्खा रोल संपवला. बांधावरून जाणाऱ्या एकाने निवृत्तीला विचारलं, मास्तरच्या पोटात दुखून राह्यलं का म्हणून.

रोल धुवायला बसवाल्याच्या हाती खामगावच्या एका स्टुडिओत पाठवला. कागद संपलाय, वेळ लागेल, असा उलटा निरोप आला. म्हणजे लक्षात घ्या, मी स्वतः अजून एकही फोटो पाहिलेला नव्हता. इथे सगळी मेख आहे.

पुढे एका सकाळी निवृत्ती खामगावच्या बाजारात कापूस विकून आला तो थेट शाळेत, वर्गाच्या दारात. श्वास वर चढलेला.

"मास्तर, वडनेरले आभायातून यान पडलं म्हनते. अख्खं खामगाव तेच सांगून राह्यलं."

मी खडू खाली ठेवला. कसं यान, विचारलं. तर म्हणे दोन खोल्यांएवढं. तीन पाय. वर घुमट, बाजूने शिडी, आणि एका अंगाने पार गंजलेलं.

आता तुम्हीच सांगा, कोणालाही इथे शंका यायला हवी की नको? पोराटोरालाही आली असती. मला काय वाटलं माहीत आहे? मला वाटलं, आपण बरोबर निघालो! तीन पाय, घुमट, शिडी. जे मी अमडापुरात बसून केवळ विचाराने ओळखलं, तसंच यान परग्रहावरच्या लोकांनी बनवलं. बुद्धी सगळीकडे सारखीच चालते, याचा पुरावाच वडनेरला येऊन पडला होता. निवृत्ती म्हणाला, "तुमच्या डब्याचा मोठा भाऊच दिसते." माझी छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी होती.

हेडमास्तरांकडे गेलो. तेही हरखले. शाळेच्या वतीने जा, म्हणाले, आणि सगळं नीट पाहून पोरांना येऊन सांगा. मी यान सुमनच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं, टोपलीत ठेवलं आणि निवृत्तीला घेऊन बस धरली. खामगाव आलं, तिथून नांदुऱ्याची बस, तिथून वडनेर भोलजी. आणि वाटेत मी गप्प बसलो असेन असं वाटतं तुम्हाला? प्रत्येक बसमध्ये टोपली उघडून व्याख्यान दिलं. यान असं का असतं, पाय तीनच का, गंज एकाच अंगाला का. ज्यांना नांदुऱ्याला उतरायचं होतं तेही आमच्याबरोबर वडनेरला आले.

वडनेरच्या शिवारात बैलगाड्या, सायकली, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, ऊस आणि फुटाणे विकणारे, असा थाट होता. फक्त यान नव्हतं. बाहेरगावचे लोक ते वडनेरला शोधत होते. वडनेरचे लोक सांगत होते की आमच्या कानावर तर रोहिणखेडचं आलंय. आणि ही सगळी गर्दी एका मिरचीच्या ओलिताच्या वावरातून इकडून तिकडे हेलपाटे घालत होती. वावर गोदाबाई नावाच्या एका बाईचं होतं. ती मधोमध उभी राहून बिचारी हात जोडून सांगत होती.

"पाहाले आले तं पाहा बापहो, पन वाफ्यातून काऊन चालता?"

बांधावर फौजदार आले होते. घामाघूम. ही आवई कोणी उठवली ते शोधत होते आणि सापडला की त्याला सोडणार नाही म्हणत होते. मी ते ऐकलं. ऐकून मला त्या आवई उठवणाऱ्याचा नाही, फौजदारांचाच राग आला. इतकं मोठं यान येतं आणि पोलीस त्याला आवई म्हणतात? मी रिकाम्या बैलगाडीवर चढलो आणि लोकांना सांगायला लागलो.

म्हटलं, यान आहे, इथेच कुठेतरी आहे. ते कसं असेल तेही सांगतो. घुमटाखाली गोल खिडकी, खिडकीखाली गंजाचा ओघळ. दार डावीकडे. आणि शिडीची खालून दुसरी पायरी तुटलेली असणार, कारण जमिनीवर आदळताना पहिला धक्का तिलाच बसतो. लोक तोंड उघडून ऐकत होते. मी स्वतःही माझ्या बुद्धीवर थक्क होऊन ऐकत होतो.

फौजदार गर्दीतून वाट काढत गाडीजवळ आले. आवाज अगदी शांत.

"मास्तर, पायरी तुटलीय हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

शास्त्राने कळतं साहेब, मी म्हणालो.

त्यांनी खिशातून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. खामगावच्या स्टुडिओच्या काचेत मोठा करून लावला होता म्हणे, तिथूनच लोकांत बोभाटा झाला. रोल कोणाचा ते स्टुडिओवाल्याच्या ध्यानात नव्हतं, आणि कुठलं यान म्हणून कोणी विचारलं तर तो तोंडाला येईल ते गाव सांगायचा.

मी फोटो पाहिला. काळे डोंगर. जळालेलं रान. धूर. आणि मधोमध ते यान, अफाट, दमलेलं, किती तारे ओलांडून आलेलं. खरं सांगतो, पहिल्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, काय भव्य आहे हो! मग डोंगराच्या पायथ्याशी निवृत्तीच्या वावरातलं ज्वारीचं धसकट ओळखू आलं.

गाडीवरून उतरलो, टोपली उघडली आणि फौजदारांच्या कानाशी म्हणालो, साहेब, ते यान हे आहे. त्यांनी टोपलीत पाहिलं, फोटोत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा लाल झाला. म्हणाले, या दोन ताटल्यांचा हा फोटो? मला खुळा समजलात का?

आता आली का पंचाईत! आवई मी उठवली हे पटवलं तर मी गुन्हेगार, नाही पटवलं तर थट्टेखोर. निवृत्ती माझी बाही ओढून निघा म्हणत होता. पण खोटं कसं बोलणार? शिवाय आतून, खोटं कशाला बोलू, थोडी कारागिराची शेखीही होतीच. मी बांधाजवळच्या ढेकळांत यान ठेवलं आणि म्हणालो, साहेब, एक डोळा मिटा आणि गाल जमिनीला लावा.

ते तसेच उभे राहिले. मी आडवा झालो, करून दाखवलं. शेवटी टोपी काढून, चारी दिशांना पाहून, तो धिप्पाड माणूस वर्दीसकट माझ्याशेजारी पोटावर झोपला.

आणि झालं काय? लांबच्या लोकांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की फौजदार एकाएकी जमिनीला चिकटले. यान येतंय, असं कोणीतरी म्हणालं. पाहता पाहता सगळी गर्दी आडवी! बाया, बाप्ये, फुटाणेवाला, सगळे मातीत तोंड खुपसून. उभे राहिले फक्त बैल आणि गोदाबाई.

माझ्या कानाजवळ फौजदारांचा आवाज आला.

"अरे, हे तर खरंच घराएवढं दिसतंय."

बराच वेळ ते उठलेच नाहीत. मग त्यांची पाठ हलायला लागली. मला वाटलं रागाने थरथरतायत. हसत होते! डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, वर्दी झटकली, आणि मग एकदम गंभीर होऊन गोदाबाईच्या वावराकडे बोट दाखवलं. तुडवलेले वाफे तुम्ही दोघांनी सरळ करून द्यायचे, म्हणाले, मगच घरी. शिक्षा रास्त होती. मी आणि निवृत्ती फावडी घेऊन उतरलो. लवंडलेली झाडं उभी केली, वरंबे बांधले, पाणी धरलं. गोदाबाईने शेवटी भाकरी आणि ओल्या मिरचीचा ठेचाही दिला. शेजारी बसून ती यान निरखत होती. ताटल्या बायकोच्या का, एवढंच तिने विचारलं.

लोकांना फौजदारांनी सगळं खरं खरं सांगितलं होतं. पण ऐकतंय कोण? जाता जाता जो तो म्हणत होता की खरं यान सरकारने उचलून नेलं आणि या मास्तरला डबा देऊन पुढे केलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं, संपलं. नाही हो.

काही आठवड्यांनी शाळा तपासायला वरचे साहेब आले. हेडमास्तरांनी मोठ्या हौसेने माझं यान टेबलावर मांडलेलं. साहेबांनी चष्मा पुसून ते पाहिलं. खामगावच्या काचेतला तो फोटो त्यांनीही पाहिला होता, म्हणाले, त्यामुळे या विषयाची त्यांना चांगली माहिती होती. त्यांनी घुमटावरून बोट फिरवलं, शिडीपाशी वाकले, आणि मग फार मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"प्रयत्न चांगला आहे गुरुजी. पण मूळ यान तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, हे लगेच कळतं."

हेडमास्तर माझ्याकडे पाहत होते. सगळा वर्ग पाहत होता. शाळेचा शेरा साहेबांच्या हातात होता.

म्हटलं, "हो साहेब. वडनेरला गेलो होतो, पण पोचायला उशीर झाला."