दारावरचा खळीचा चौकोन
बाळांनो, उद्या नांदे गावातल्या घराला रंग देणार आहेत, म्हणून हे आजच लिहिते. तुमचे आईबाबा वेगळे झाले तेव्हा तुमच्या पोटगीच्या दाव्याची नोटीस कोर्टाचा बेलीफ खळ लावून याच घराच्या दारावर चिकटवून गेला. मी, तुमची आजी, आणि तुमचे बाबा तेव्हा परगावी होतो. आमची अब्रू जाऊ नये म्हणून शेजारी राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी ती काढून चुलीत घातली. त्यामुळे बाबा तारखेला गेले नाहीत आणि त्यांचं न ऐकताच पोटगी ठरली. हे कळताच बाई स्वतः कोर्टात आल्या. "मावशी, कोर्टाचा कागद जाळतात का?" न्यायाधीशांनी विचारलं. "मंग काय सायेब, गावाला वाचाया ठिवायचा व्हय? ह्यांचा काय दोस न्हाई." तुमची आई शांतपणे म्हणाली, "त्यांचंही ऐका. नाहीतर मुलं उद्या मलाच विचारतील." नवी तारीख मिळाली, दोघांचं ऐकलं गेलं. रक्कम तेवढीच ठरली, पण बाबांनी ती कधी कुरकुर न करता भरली. पुढे तुम्ही आईबरोबर परदेशी गेलात, बाबा कामासाठी बंगळूरला गेले, आणि संध्याकाळी कुलूप उघडणारी मी एकटीच उरले. रंगाऱ्याला मी दार सोडून द्यायला सांगितलं आहे. त्यावरचा खळीचा खरखरीत चौकोन अजून हाताला लागतो.