पाय दुखतो, मग पोट कशाला

आईचा डावा स्तन काढून दोन वर्षं झाली होती, तेव्हा तिचा उजवा पाय मांडीपासून दुखू लागला. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही कलकत्त्याजवळ बराकपूरला राहत होतो. हॉस्पिटलला जायचं म्हणजे सायकलरिक्षानं स्टेशन, तिथून सियालदहची गाडी. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याआधी आई रिक्षावाल्याला म्हणायची, "आस्ते, बाबा, आस्ते."

एक्स-रेमध्ये आजार हाडात उतरलेला दिसला. तिला वॉर्डात ठेवून घेतलं. सर्जन बंगाली होते, उंच, कमी बोलणारे. व्हरांड्यात त्यांनी बाबांना इंग्रजीत समजावलं की आईचे दोन्ही बीजकोश काढावे लागतील. त्यांतून जे रक्तात उतरतं, त्यावर हा आजार पोसला जातो. आजार जाणार नाही, पण दुखणं थांबेल, निदान काही काळ. काहींना गुण येतो, काहींना नाही.

बाबांनी ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "तू सांग तिला. हे बायकांचं आहे."

आमच्याकडे अशा गोष्टी नवरा बायकोला सांगत नसे. पुण्यात असतो तर मावशीनं सांगितलं असतं. इथे घरात दुसरी बाई मीच, एकोणीस वर्षांची. बीजकोश मला माहीत होते ते कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनं फळ्यावर काढलेल्या आकृतीतून, इंग्रजीत. मराठीत तो विषय मी कधी उच्चारलाच नव्हता, त्यातून बाबा शेजारी उभे. मी आईला सांगितलं, "पोटात छोटीशी गाठ आहे. ती काढली की पाय दुखायचा थांबेल."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

"आणखी एक गाठ?" आई म्हणाली. "म्हणजे पोटातही गेलं. मग कशाला कापून घेऊ? घरी चला."

मी म्हटलं, लहान आहे. बाबा म्हणाले, डॉक्टर सांगतायत ना. ती ऐकेना. तिनं पिशवी भरायला घेतली. आधी तांब्या, मग टॉवेल. माझ्या सोयीच्या एका वाक्यामुळे ती तो पाय तसाच घेऊन घरी निघाली होती, आणि ते वाक्य मागे घ्यायला मला तोंड उघडवत नव्हतं.

तेवढ्यात सर्जन फेरीवर आले. आईनं पिशवी मांडीवर ठेवली आणि मासळीबाजारात कमावलेल्या आपल्या बंगालीत थेट विचारलं, "डाक्तारबाबू, ब्यथा पायात, पेट काटबेन केनो?"

ते हसले नाहीत. स्टूल ओढून बसले. नर्सकडून कागद घेतला, आकृती काढली आणि सावकाश, सोप्या बंगालीत तिला सगळं सांगितलं. गाठीचं तिनं विचारल्यावर त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "पोटात गाठ नाही," एवढंच म्हणाले. कोण काय बोललं ते विचारलं नाही.

"बरी होईन?"

"नाही. पण चालाल, झोपाल, असं मला वाटतं. खात्री देत नाही."

ते गेल्यावर आई कागदाकडे बघत बसली. "एवढंच होतं, तर सांगायचं की."

"लाज वाटली."

"पोट माझं, आणि लाज तुला." तिनं पिशवीतून टॉवेल परत बाहेर काढला.

संमतीच्या कागदावर नवऱ्याची सही लागे. बाबांनी केली. आईनं पेन मागून घेतलं आणि त्याखाली स्वतःचीही केली. नर्सनं कागद तसाच फायलीत लावला.

ऑपरेशनच्या सकाळी ती म्हणाली, "उपासाची सवय आहे गं, पण साबुदाण्याच्या खिचडीशिवाय उपास पहिल्यांदाच." टाके काढून घरी आल्यावर देवांसमोर बसता बसता म्हणाली, "आता दर महिन्याला चार दिवस बाजूला बसायला नको. देवांना मात्र सुट्टी नाही." अंगातून वाफा निघाव्यात तशी ती मधूनच तापायची, घामानं भिजायची, पदरानं वारा घ्यायची. त्याची तक्रार तिनं केली नाही. चौथ्या आठवड्यात एका सकाळी उठून आली आणि सांगितलं, रात्रभर झोपले.

पुढचं दीड वर्ष तिला दुखलं नाही. मग ते परत आलं, पाठीत, आणि त्यावर कोणाकडे काही उरलं नव्हतं. त्या सर्जनांनी आम्हाला जे कबूल केलं होतं, त्यापेक्षा जास्तच दिलं. मी त्यांचे आभार मानायला हवे होते. तेव्हा माझ्याच्यानं नीट मान वर करून बघवतही नव्हतं.

त्या दीड वर्षातली एक संध्याकाळ मात्र माझ्याकडे आहे. तपासणी आटोपून सियालदहहून आम्ही दोघी परतलो होतो. स्टेशनबाहेर रिक्षात बसलो. रस्ता तोच, खड्डे तेच. पहिल्या खड्ड्याआधी सवयीनं मी तिचा हात धरला. तिनं तो हळूच सोडवला आणि पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, "एकटू जोरे चालाओ, बाबा. घरी कणीक भिजवायची आहे."